सर्वांत खालची जागा

हिवरदऱ्याच्या तालमीचे वस्ताद गहिनीनाथ दिवाळीनंतर वारले. गावाने रीतीप्रमाणे दुःख केले, तेराव्याचे जेवण केले, आणि हात धुताना गावाच्या ध्यानात आले, की तालमीला वस्ताद उरलेला नाही.

तसे पाहिले तर वस्तादाचे काम म्हणजे काही विशेष नव्हे. सगळ्यांच्या आधी उठायचे, तालीम झाडायची, हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या खड्ड्यातली, लाल माती फावड्याने उकरायची आणि पोरे आली की त्यांची अंगे रगडून द्यायची. कुणाचे हाड सरकले तर ते बसवायचे, कुणाचे डोके फिरले तर तेही. पगार नसे. गहिनीनाथांनी हे काम इतक्या मुकाट्याने केले, की ते कुणीतरी करते आहे हेच गावाला कळले नाही. रोज जसे उजाडते, तशी माती आपली उकरली जाते, असे गाव धरून चालले होते.

मात्र या कामाला एक शेपूट होते. चैत्रातल्या यात्रेत कुस्त्यांचा हगामा भरे आणि त्यातला पहिला फेटा वस्तादाला बांधला जाई. पैलवान, मामलेदार, मते मागायला आलेले पुढारी, सगळे जण आखाड्यात पाऊल टाकण्याआधी वस्तादाच्या पायाला हात लावत. गहिनीनाथ ओशाळून पाय मागे घेत. असे चांगले पाय दर वर्षी फुकट जातात, याची हळहळ गावात दोघांना होती. एक सोसायटीचे चेअरमन आप्पासाहेब आणि दुसरे माजी सरपंच काकासाहेब.

तिसऱ्या एका व्यक्तीला वेगळी काळजी होती. भागिरथी ही गहिनीनाथांची मुलगी. सासर घोडेगावचे. नवरा गेल्यावर ती बापाकडे परत आली होती. घर तालमीला लागून. बाईमाणसाने तालमीचा उंबरा ओलांडायचा नाही, अशी रीत असल्याने ती ताकाची घागर उंबऱ्याशी आणून ठेवी आणि बाप आतून हात लांब करून ती उचलून घेई. ताक, गोडेतेल, लिंबू, हळद, काव. हे सगळे वर्षानुवर्षे मातीत जिरले की माती लोण्यासारखी होते आणि पडणाऱ्याला झेलते. गहिनीनाथांनी मागे जमीन ठेवली नव्हती. साधा फोटोही काढलेला नव्हता. ठेवली होती ती एवढीच माती.

आणि ती वाळत चालली होती. वस्तादाचे पहिले फावडे पडल्याशिवाय हौद्यात कुणी उतरायचे नाही, ही तालमीची दुसरी रीत. वस्ताद नाही म्हणून फावडे नाही, फावडे नाही म्हणून माती उकरणे नाही. भागिरथी उंबऱ्याबाहेरून मान लांब करून बघे. मातीवर आधी साय धरल्यासारखा पापुद्रा आला, मग भेगा पडल्या. अशा मातीवर कुणी पाठीवर आपटला तर तो उठणार नव्हता.

ती आप्पासाहेबांकडे गेली.

"आप्पासाहेब, कुनालाबी वस्ताद करा, पर माती उकरा. दगड व्हाया लागलाय तिचा."

"करू की," आप्पासाहेब म्हणाले. "पर घाई न्हाई करायची, भागिरथे. वस्ताद निवडायचा म्हंजी काय घोडेगावच्या बाजारातनं बैल आनायचाय?"

"बैल आनताना दात तरी बघत्यात. तुमी काय बघनार?"

"नम्रता," आप्पासाहेब म्हणाले, आणि आपण हे किती नम्रपणे म्हणालो, हे त्यांनी ओसरीवरच्या मंडळींच्या तोंडावर पाहून घेतले.

शोकसभेत हाच ठराव झाला. गहिनीनाथ उभ्या जन्मात कधी खुर्चीवर बसले नाहीत, या गोष्टीवर काकासाहेब उभे राहून बराच वेळ बोलले आणि मग खुर्चीवर बसले. गावातल्या सर्वांत नम्र माणसालाच वस्ताद करावे, असे एकमताने ठरले. नम्रता म्हणजे काय, हे गावाला समजावून सांगायची गरज नव्हती. निवडणूक तोंडावर आली होती आणि भिंतीभिंतीवर 'आपला नम्र' म्हणून रंगवलेले होते.

नम्रता निवड समिती स्थापन झाली. आप्पासाहेब आणि काकासाहेब तिचे सभासद झाले, दोघांपैकी खुर्चीवर बसेल तो अध्यक्ष असे ठरले आणि ग्रामसेवक चिटणीस झाले. ते शिकलेले आणि नियमाचे पक्के. त्यांनी पहिला नियम केला, की वस्तादपद मागणारा अपात्र ठरेल, कारण मागणे हा अहंकार होय. दुसरा नियम केला, की न मागणाऱ्याचा विचार होणार नाही, कारण त्याचा अर्ज नसेल. या दोन नियमांचा मेळ बसावा म्हणून तिसरा नियम करावा लागला. इच्छुकांनी आपण इच्छुक नसल्याचा अर्ज मुदतीत करावा.

दोन अर्ज आले. माझ्यासारखा नालायक माणूस तालुक्यात नाही, असे आप्पासाहेबांनी लिहिले होते. ते कळल्यावर काकासाहेबांनी आपला अर्ज मागे घेऊन तालुक्याच्या जागी जिल्हा घातला.

"जल्मात पयल्यांदा दोघंबी खरं बोलली," शेजारची छबूबाई भागिरथीला म्हणाली. "आता झालं की काम. घे मोठा नालायक आन् कर वस्ताद."

"मातीचं काय मावशे?"

"मातीचं अर्जात काय न्हवतं बाई."

समितीची पहिली सभा तालमीच्या ओट्यावर भरली. अध्यक्षांसाठी एक खुर्ची आणि बाकीच्यांसाठी सतरंजी होती. काकासाहेबांनी खुर्चीकडे पाहिलेही नाही. ते सतरंजीच्या कडेला बसले. आप्पासाहेब सतरंजी सोडून उघड्या फरशीवर बसले. तेव्हा काकासाहेब उठून चपला काढलेल्या जागी जाऊन बसले. आप्पासाहेब पायरीवर उतरले. काकासाहेब रस्त्याच्या कडेला गेले. आप्पासाहेबांनी रस्ता ओलांडला.

"अहो, काकासाहेब, वर बसा. तुम्ही वडीलधारे!"

"छे छे, आप्पासाहेब! तुमच्या पायांशी माझी जागा!"

असे म्हणत दोघे रस्त्याच्या मधोमध आले आणि तिसगाववरून आलेली शेवगावची एस.टी. जाऊ शकेना. कंडक्टरने उतरून चौकशी केली. येथे नम्रता चालू आहे, असे त्याला सांगण्यात आले. तो म्हणाला, की नम्रता करायला हरकत नाही, पण ती डाव्या बाजूने करावी. ग्रामसेवकांनी इतिवृत्तात लिहिले, की अध्यक्ष सभेस हजर होते, परंतु दिसत नव्हते.

दुसऱ्या सभेत ग्रामसेवकांनी खुलासा केला. लांब बसणे म्हणजे खाली बसणे नव्हे. नम्रता उंचीत मोजली जाते, अंतरात नव्हे. तेव्हा जो सर्वांत खालच्या जागी बसेल तो सर्वांत नम्र धरावा.

गावातली सर्वांत खालची जागा म्हणजे तालमीचा हौदा. आता हौद्यात तर फावड्याशिवाय उतरायचे नाही. पण ती रीत कुस्तीसाठी उतरण्याची आहे, बसण्यासाठी उतरण्याची नाही, असा ग्रामसेवकांनी निर्वाळा दिला आणि दोघेही हौद्यात उतरून त्या फरशीसारख्या मातीवर मांडी घालून बसले. दोघांची डोकी सारख्या उंचीवर आली. समितीची मोठी पंचाईत झाली.

दुसऱ्या दिवशी काकासाहेब आपल्या गड्याला घेऊन आले. गड्याने हौद्याच्या एका कोपऱ्यात कुदळीने हातभर खड्डा केला आणि काकासाहेब त्यात बसले. तालमीतून कुदळीचा आवाज आला तेव्हा भागिरथी कणकेच्या हाताने धावत उंबऱ्याशी आली. माती उकरली जात होती. तिला क्षणभर बरे वाटले.

"आप्पासाहेब, काकासाहेब! तशीच सगळी उकरा. मी ताक आनते!"

"सगळी कशापायी?" आतून काकासाहेब म्हणाले. "माझ्यापुरतं झालं."

दुपारी आप्पासाहेबांचे दोन गडी आले. नम्रतेसाठी स्वतः खणले पाहिजे, असा नियम नव्हता. संध्याकाळपर्यंत आप्पासाहेब कमरेइतके खाली गेले. मग काकासाहेबांनी चार गडी लावले. त्या साली पाऊस रुसलेला, शिवारात काम नाही, त्यामुळे गडी हवे तेवढे मिळत होते. दोन्ही खड्डे एकमेकांत मिळून एकच झाला, लाल माती संपली आणि मुरूम लागला. मुरूम संपला आणि मांजऱ्या खडक लागला. दोघे सारखे नम्र होत खाली चालले होते आणि वरून त्यांच्या टोप्यांचे फक्त दोन पांढरे ठिपके दिसत होते. तहसील कचेरीतल्या अव्वल कारकुनांनी येऊन डोकावून पाहिले आणि ही विहीर कोणत्या योजनेतली, असे विचारले.

आता वर येणे कुणालाच परवडणारे नव्हते. जो आधी वर येईल तो उर्मट ठरणार. भाकरी दोरीने खाली जाऊ लागली. काकासाहेबांच्या पत्नी गोजरबाई रोज उंबऱ्याबाहेरून हाका मारून दमल्या.

"अवो, वर येता का न्हाई? म्हस येली, रेडकू झालंय!"

"आप्पासाहेबांना येऊ दे आधी!" खालून आवाज आला.

"त्यांची म्हस येलेली न्हाई! आपली येली!"

निवडणुकीचा उमेदवार गावात आला, तेव्हा गावातली दोन्ही मोठी माणसे खाली असल्याचे त्याला कळवण्यात आले. त्याने काठावर येऊन कमरेत वाकून नमस्कार केला. त्यात त्याची टोपी खाली पडली. ती आधी तुम्ही घाला, छे, आधी तुम्ही, असे करीत दोघांनी एकमेकांच्या डोक्यावर ओढली आणि टोपीच्या दोन टोप्या झाल्या. उमेदवार उघड्या डोक्याने पुढच्या गावाला गेला. एवढी नम्रता आपल्याला झेपणार नाही, असे तो जीपमध्ये म्हणाल्याचे सांगतात.

या सगळ्यात हौद्यातली माती कुठे गेली, हे समितीने कुणालाच विचारले नाही. गड्यांनी ती घमेल्यांनी भरभरून दाराबाहेर टाकली होती. उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत तिचा ढीग झाला होता. कोंबड्या त्यात अंग घोळत. एका सकाळी एक गडी तीच माती गाडीत भरून उकिरड्यावर न्यायला लागला, तेव्हा भागिरथी आडवी आली.

"ठेव ती."

"काकासाहेबांनी टाकाय सांगितलीया, आक्का."

"त्यांना म्हनावं वर येऊन टाका."

गडी गाडी सोडून निघून गेला. भागिरथी ढिगाशी बसली. माती उंबऱ्याच्या आत होती तोवर तिने तिला कधी हात लावला नव्हता. बापाने घागर घेतली, की ती पाठ फिरवून घरी येई. आता माती उंबऱ्याबाहेर होती. तिने एक ढेकूळ फोडले. आत अजून ओल होती आणि ताकाचा आंबूस वास येत होता. तेलाचाही. आणखी कशाचा तरी.  मग ती उठली आणि चाळण आणायला गेली.

छबूबाईने पाट्या वाहिल्या. तालमीतला थोरला पैलवान गोरक्ष मळ्यावर गेला होता, तो हे ऐकून आला. बरोबर पाच-सात पोरे आली. माती चाळून मुरमाचे खडे वेगळे झाले आणि भागिरथीच्या अंगणात नवा हौदा भरला. तिने ताक ओतले, तेल ओतले, उसनी हळद आणली, लिंबे पिळली. मग सगळे उभे राहिले.

"आता?" गोरक्ष म्हणाला. "वस्तादाचं पयलं फावडं पडल्याबिगर..."

"वस्ताद खाली हायेत," छबूबाई म्हणाली. "दोन."

भागिरथीने पदर खोचला आणि फावडे मारले. पोरे हौद्यात उतरली.

कानोकानी ही बातमी थेट खड्ड्याच्या तळापर्यंत गेली आणि समिती हादरली. समितीची निवड अजून चालू असताना कुणीतरी परस्पर सेवा सुरू केली होती. सुनावणी लावण्यात आली. भागिरथीला तालमीत यायची मुभा नसल्याने ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. दोन्ही सभासदांना वर यायची मुभा नसल्याने ते खालून बोलत. ग्रामसेवक काठावर पालथे पडून तिचे खाली आणि त्यांचे वर पोचवीत.

"पयलं फावडं कुनी मारलं?" खालून आप्पासाहेब.

"मी."

"कुनाला इचारून?"

"इचारायला आल्ते. तुमी लई खाली गेल्ता. हाक पोचंना."

ग्रामसेवकांनी घसा साफ केला. "ताई, सरळ उत्तर द्या. तुम्ही स्वतःला नम्र समजता का? विचार करून बोला. होय म्हणालात तर तो अहंकार धरला जाईल. नाही म्हणालात तर ती कबुली धरली जाईल."

"मला ताक करायचंय," भागिरथी म्हणाली.

ग्रामसेवकांनी लिहून घेतले. प्रश्नास बगल दिली, सबब उर्मटपणा शाबीत.

"तिला म्हनावं," खालून काकासाहेब ओरडले, "न इचारता केलेली सेवा ही सेवा न्हवं, अतिक्रमन हाय! माती गावाची हाय! होती तिथं आनून टाक म्हनावं!"

"टाकते की," भागिरथी म्हणाली. "पर हौद्यात दोघं बसल्यात. त्यांच्या डोस्क्यावर टाकू का बाजूला?"

 समितीने निर्णय यात्रेनंतरपर्यंत राखून ठेवला.

चैत्रात हगामा भरला. शेवटची, मानाच्या नारळाची कुस्ती गोरक्ष आणि पाथर्डीकडचा एक धिप्पाड पैलवान यांच्यात लागली. हिवरदऱ्याची पोरे हिवाळाभर मळ्यात फिरली, ती काय लढणार, असे लोक म्हणत होते. गोरक्ष दोनदा खाली गेला, दोनदा निसटला आणि शेवटी त्याने पट काढून त्या पैलवानाला अस्मान दाखवले. हलगी घुमली. पंचांनी त्याचा हात वर करून विचारले,

"वस्ताद कोन रं तुझा? पयला फेटा आजून बांधायचा ऱ्हायलाय!"

गोरक्षने हात केला. लोक त्या हाताच्या रोखाने पाहू लागले. बाया जिथून हगामा बघत त्या धाब्याच्या घरावर छबूबाईशेजारी भागिरथी उभी होती. तिने पदर तोंडाशी धरला होता.

 बाईच्या डोक्याला फेटा बांधायची रीत नव्हती आणि आखाड्यातून फेटा तसाच परत न्यायचीही रीत नव्हती. पंचांनी खल करून तो फेटा वाजतगाजत नेला आणि गहिनीनाथांच्या घराच्या दाराला कडीतून गुंडाळून पक्का बांधला. संध्याकाळी भागिरथी घरी आली, तर दार उघडेना. तिने फेटा सोडला, दार उघडले आणि दुसऱ्या दिवसापासून त्या फेट्यातून ताक गाळायला घेतले. कापड चांगले होते.

हगाम्याच्या गडबडीत खड्ड्याकडे बघायला कुणी नव्हते. बघणारेच नसल्यावर नम्रतेला जोर राहत नाही. दोघांनी वर यायचे ठरवले. शिडी लावली, पण आधी कोण, यावर पुन्हा अडले. शेवटी दोघे एकाच पायरीवर एकेक पाय ठेवून निघाले आणि शिडी मोडली. गोजरबाईंनी उंबऱ्याबाहेर बैल जुंपून मोटेने त्यांना वर काढले. पुढे समितीने तो खड्डा जसा आहे तसा ठेवून काठाला कठडा बांधला आणि त्याला नम्रतेचे स्थान म्हणून जाहीर केले. ग्रामसेवकांची बदली झाली, वरच्या जागेवर.

आणि मग लोक भागिरथीकडे येऊ लागले. आधी तिसगावचे, मग शेवगावचे, पाथर्डीचे. शिक्षक, वकील, मंडळांचे कार्यकर्ते. एवढे काम करून श्रेयापासून दूर राहिलेली बाई पाहून त्यांचे डोळे भरून येत. ते तिच्या पायांना हात लावत. बाप पाय मागे घेई, तसे तिला घेता येत नसे, कारण ती घोट्याएवढ्या मातीत उभी असे. ते चिमूटभर माती कपाळाला लावत आणि चिमूटभर पुडीत बांधून घरच्यांसाठी नेत. हजार माणसांनी चिमूट चिमूट नेली, की काय होते ते सांगायला नको. उन्हाळा सरेपर्यंत हौदा वीतभर उथळ झाला. सरावात पोरांचे गुडघे तळाच्या दगडाला लागू लागले.

जाताना पाहुणे हात जोडून म्हणत, "ताई, काही सेवा असली तर सांगा. संकोच करू नका."

हे वाक्य आपल्याकडे हजारो वर्षे म्हटले जाते आणि आजवर त्याला कुणी उत्तर दिल्याचे ऐकिवात नाही. भागिरथी मात्र सरळ बाई.

"हाय की," ती म्हणायची. "ओढ्यापल्याडनं लाल माती आनायचीया. पाट्या त्या तिथं हायेत. दोन-दोन खेपा केल्या तरी लई झालं."

पाहुणे गहिवरून हसत. किती साधी बाई, असे एकमेकांना म्हणत. मग कुणाला घड्याळ आठवे, कुणाला कंबर. एका वकिलाने त्या पाट्यांनाही नमस्कार केला.

भागिरथी कुणावर रागावत नाही. पाहुणे गेले, की छबूबाई आणि ती स्वतः खेपा घालतात, आणि पुढचे पाहुणे येईपर्यंत जेवढी माती भरून निघेल तेवढी भरतात.

हे वाचून तुम्हालाही तिला एकदा पाहावेसे वाटले असेल. जरूर जा. शेवगावची कुठलीही गाडी थांबते. वाकून नमस्कार करा, ती नको म्हणणार नाही. निघताना ते वाक्य तुमच्याही तोंडी येईल. येऊ द्या. फक्त म्हणण्याआधी परतीची गाडी दिसते आहे ना, हे बघून घ्या. कारण ती बाई खरेच सांगते.